गोधडी गाडीत राहिली, आता आईला काय सांगू?

पत्राचा सारांश: टोकियोच्या निशिकासाई भागात सहा वर्षं राहणाऱ्या, मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय छत्तीस. घरी यजमान आणि पाच वर्षांची मुलगी. दोन वर्षांपासून त्या जवळच्या सभागृहात भरणाऱ्या एका शिवणमंडळात जातात. गोधडीचा हात घरचाच असल्याने जपानी बायकांच्या पॅचवर्कमध्ये त्या पटकन रमल्या.

गेल्या महिन्याच्या २८ तारखेला मंडळातल्या सहाजणी दिवसभरासाठी कावागोएला गेल्या. तिथल्या नारितासान मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २८ला जुना बाजार भरतो. जुने किमोनो, निळीत रंगवलेलं सुती कापड, डबेभर बटणं असलं सगळं तिथे मिळतं. ताईंनी सोबत मुलीची गोधडी नेली होती. त्यांच्या आजीच्या दोन इरकली लुगड्यांची, आईने नातीच्या बारशासाठी शिवलेली, दुपट्याहून जरा मोठी. तिचा एक कोपरा विरला होता. त्याला साजेसं कापड शोधायचं होतं, आणि पंचाहत्तरीतल्या सेन्सेई, म्हणजे मंडळाच्या बाई, 'एकदा दाखव ना' म्हणून मागे लागल्या होत्या. परतताना हातात कापडाच्या दोन पिशव्या आणि रताळ्याच्या मिठाईचा खोका. गोधडीची पिशवी गाडीत वरच्या फळीवर ठेवली आणि तिथेच राहिली. आठवण झाली ती रात्री, मुलीने झोपताना गोधडी मागितली तेव्हा.

पत्र लिहिलं तेव्हा अकरा दिवस झाले होते. ताईंनी कुठेच तक्रार नोंदवलेली नाही. यजमान म्हणतात, 'जुनेर कोण सांभाळून ठेवणार?' पुण्याची थोरली बहीण म्हणते, 'जीव असता तर मांडीवर ठेवली असतीस', आणि वर तीच सुचवते की इरकली लुगडी मिळवून पुण्यात तशीच दुसरी शिवून घेऊ, आईला कळणारही नाही. मुलीला 'धुवायला दिलीय' असं सांगितलं आहे. मंडळाच्या दोन बैठका चुकवल्या आहेत. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीला विचारते, 'गोधडी घेतीस का गं?' ताईंचा प्रश्न एवढाच आहे: आईला सांगू, की दुसरी शिवून घेऊन गप्प बसू?

*

प्रिय ताई,

तुमचं पत्र मंगळवारी रात्री वाचलं. तुमचा प्रश्न बाजूला ठेवून मी आधी दिवस मोजले. हे सदर शनिवारी येतं आणि तोवर थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून व्यवहारापुरतं तुम्हाला त्याच रात्री ईमेलने कळवलं. दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तरही आलं. यजमानांनी एका रेल्वे कंपनीला फोन केला, 'कापडी पिशवीत जुनं कापड' असं सांगितलं, आणि पलीकडून अदबीने 'अशी नोंद नाही' असं उत्तर मिळालं. 'म्हणजे संपलंच' असं तुम्ही लिहिलंय.

संपलं कसं? अजून सुरू कुठे झालंय?

त्या संध्याकाळचा रस्ता तुम्हीच मला लिहून पाठवलात. कावागोएला तोबू तोजो मार्गाची गाडी धरली. वाकोशीला उतरून युराकुचो मार्गाच्या गाडीत बसलात. ईदाबाशीला तोझाई मार्ग पकडून निशिकासाई. पिशवी पहिल्या गाडीत राहिली की दुसऱ्या, हे मात्र तुम्हाला आठवत नाही. आणि सगळी मेख तिथेच आहे. दुसरीत राहिली असेल तर ती शिन-किबाच्या शेवटच्या स्टेशनाकडे गेली. पहिलीत राहिली असेल तर गोष्ट लांबते, कारण कावागोएकडून येणाऱ्या कितीतरी गाड्या वाकोशीला संपत नाहीत. त्या फुकुतोशिन मार्गावर शिरतात, शिबुयाहून तोक्यूच्या रुळांवर जातात आणि थेट योकोहामात मोतोमाची-चुकागाईला थांबतात. एकच गाडी, पण वाटेत चार कंपन्यांचे रूळ आणि साइतामा, टोकियो, कानागावा अशा तीन प्रांतांचे पोलीस. तुम्ही सांगलीच्या, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. मिरजेला गाडी बदलली, आणि पिशवी कोल्हापूरला गेली की बेळगावला हेच माहीत नाही. अशा वेळी फक्त कोल्हापूरला फोन करून 'नाही म्हणाले' म्हणायचं का?

तेव्हा आधी पिशवी कुठपर्यंत सोबत होती ते शोधा. त्याचा पुरावा तुमच्याच फोनमध्ये पडलाय. सहलीचे साठेक फोटो मंडळाच्या 'लाइन' या चॅट-अ‍ॅपवरच्या ग्रुपवर आले आणि मी ते उघडलेसुद्धा नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. उघडा. वाकोशीच्या फलाटावर कुणीतरी एखादा तरी फोटो काढलाच असेल. तुमच्या हातात किती पिशव्या आहेत ते बघा, आणि फोटोची वेळ लिहून ठेवा. कुठली गाडी, कितीची, कितवा डबा, एवढं सांगता आलं तर समोरच्याचं काम निम्मं होतं.

मग कोबानवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत जा. वस्तू कुठेही हरवली असली तरी हरवल्याचा अर्ज कुठल्याही चौकीत देता येतो, त्यासाठी कावागोएला जायला नको. रेल्वेवाले सापडलेल्या वस्तू काही दिवस स्वतःकडे ठेवतात आणि मग पोलिसांकडे देतात. टोकियोत त्या जिथे जमा होतात ते महानगर पोलिसांचं केंद्र आहे ईदाबाशीला. हो, तुम्ही गाडी बदललीत त्याच ईदाबाशीला. गेले दोन आठवडे तुम्ही त्या भागात जायचंच टाळताय, 'त्या स्टेशनाचं नाव ऐकलं तरी पोटात कालवतं' हे तुमचंच वाक्य. तिथून चार पावलांवर छत्र्या, चष्मे, पाकिटं, कुणाच्या कवळ्या मालकाची वाट बघत ओळीने पडून आहेत. मात्र पिशवी योकोहामाकडे गेली असेल तर ती कानागावा पोलिसांकडे असणार, त्यामुळे दोन्हीकडे विचारा. सापडलेल्या वस्तूंची यादी प्रत्येक प्रांताचे पोलीस इंटरनेटवरही टाकतात.

वेळेचं म्हणाल तर कायद्याने वस्तू तीन महिने ठेवतात. पूर्वी सहा महिने ठेवत, डिसेंबर २००७ पासून ते तीनवर आलं. पण त्याच बदलात आणखी एक कलम आलं, आणि ते वाचूनच मी त्या रात्री ईमेल केली. छत्र्या, कपडे अशा रोजच्या वापराच्या आणि सर्रास मिळणाऱ्या वस्तूंचा मालक दोन आठवड्यांत आला नाही, तर त्या विकायची किंवा टाकून द्यायची मुभा पोलिसांना आहे. हाताने शिवलेली गोधडी सर्रास मिळणारी वस्तू नव्हे, हे तुम्हाला आणि मला कळतं. पण जिच्याबद्दल घरातूनच 'जुनं कापड' असा निरोप गेलाय, ती बघणाऱ्याला काय वाटेल, यावर मी एक दिवसही सोडणार नाही.

आता थोडं त्या 'जुन्या कापडा'विषयी.

२०१८ साली टोकियोत तीन लाखांहून जास्त छत्र्या जमा झाल्या. त्या परत न्यायला आलेले मालक जेमतेम एक टक्का. त्याच वर्षी जमा झालेल्या मोबाइलपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त मालकांकडे परत गेले. शहर तेच, पोलीस तेच, वस्तू आणून देणारी माणसंही तीच. फरक एवढाच की मोबाइलचा मालक धावत येतो, आणि छत्रीचा म्हणतो, जाऊ दे, दुसरी घेऊ. तुमच्या घरात गोधडीला छत्रीच्या रांगेत बसवलंय. यजमानांनी बसवलं म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. त्यांना लुगड्याचं काय कळणार? पण तुम्ही ते ऐकून घेतलंत याचं मला नवल वाटतं. पत्र तीनदा वाचलं तेव्हा कारण सापडलं. एका वाक्यात ते दडलंय: 'खरं सांगते, ठिगळं लावलेली वस्तू काउंटरवर मागायची मला लाज वाटली.'

मला वाटतं तुमचा खरा अडसर हा आहे. भाषा नंतर येते.

आणि हे वाटतंय कुठे? जपानात! जिथे 'बोरो' नावाची गोष्ट आहे. बोरो म्हणजे चिंध्या, लक्तरं. उत्तरेकडे आओमोरीच्या बाजूला थंडीमुळे कापूस पिकत नसे. जुन्या सुती कापडाचे तुकडे दक्षिणेकडून जहाजांनी यायचे आणि शेतकऱ्यांच्या बायका ते तुकडे एकावर एक धावदोऱ्याने शिवत राहायच्या. एकाच पांघरुणात चार-चार पिढ्यांची कापडं सापडतात. पुढे बरे दिवस आले आणि लोकांना त्या लक्तरांची लाज वाटायला लागली. कुणी ती लपवली, कुणी जाळली. तानाका चुझाबुरो नावाचा माणूस १९६० नंतरच्या काळात गावोगाव फिरून ती गोळा करत राहिला. पुढे त्याचा संग्रह टोकियोतच, आसाकुसाच्या एका संग्रहालयात २०१९पर्यंत मांडलेला होता, आणि लोक तिकीट काढून बघायला येत. तुमच्या सेन्सेई 'दाखव ना' म्हणून मागे लागल्या त्या काही परदेशी पाहुणीचं मन राखायला नव्हेत. त्यांच्या साशिकोत, म्हणजे तिकडच्या हातशिलाईत, आणि तुमच्या आईच्या हातात टाका एकच आहे, धावदोरा. त्यांना तो ओळखू आला असणार.

म्हणून अर्ज भरताना ठिगळं लपवू नका. अर्जात वस्तूच्या खुणा लिहायचा रकाना असतो. त्यात 'जुनं कापड' लिहिलं तर टोकियोतल्या वर्षाच्या चाळीस लाखांहून जास्त वस्तूंमधून ते कोण शोधणार? लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. घरी त्याच मापाची पांघरुणं असतीलच, अंदाज घ्या. एका बाजूला काळपट जांभळं इरकल, कुंकवाच्या रंगाचा काठ. दुसऱ्या बाजूला हिरवं. पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा, बाहेरून आत चौकोनात चौकोन असा गेलेला. एका कोपऱ्याला विरलेलं, त्याच्या शेजारी फुलाफुलाचं वेगळं ठिगळ. ज्याची लाज वाटली तेच आता कामाचं आहे. अशी दुसरी वस्तू त्या गोदामात असूच शकत नाही. फोटो जोडा, मुलीच्या अंगावर पांघरलेली असतानाचा चालेल. शब्द हवे असतील तर पाठ करा: वासुरेमोनो म्हणजे विसरलेली वस्तू, अमिदाना म्हणजे गाडीतली वरची फळी, तेनुई म्हणजे हातशिलाई. 'किल्ट' त्यांनाही कळतं, त्यांच्या उच्चारात ते 'किरुतो' होतं. रेसिडेन्स कार्ड सोबत ठेवा आणि अर्जाचा क्रमांक मिळेल तो जपा. आणि तुम्ही विचारलंय म्हणून: आणून देणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षिसी मागायचा हक्क आहे, स्टेशनात किंवा गाडीत सापडलेल्या वस्तूला त्याच्या निम्मा. लुगड्याच्या गोधडीवर कुणी टक्केवारी मागायला येणार नाही, निर्धास्त राहा.

फोन मात्र यजमानांना करू देऊ नका. सेन्सेईंना सांगा.

इथे तुम्ही लगेच म्हणाल, 'मेइवाकु होईल', म्हणजे त्यांना उगाच त्रास. सहा वर्षांत तुम्ही त्या देशाची ही एक गोष्ट फारच मनावर घेतलेली दिसते. दुसऱ्याला तोशीस पडू नये हे चांगलंच. पण तुमचा हिशेब जरा तपासून बघा. फोन करायला दहा मिनिटं जातील, त्याचा त्रास. आणि तुम्ही दोन बैठकांना आला नाहीत, निरोप वाचून उत्तर दिलं नाहीत, त्याचा? त्या पाच बायका आपापल्या घरी बसून, आपल्याकडून सहलीत काही चुकलं का, याचा विचार करत असतील. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तर नक्कीच वाटत असेल की मीच आणायला सांगितलं होतं, काहीतरी बिनसलं. तुम्ही गप्प राहून त्यांचा त्रास वाचवलेला नाही. उलट कशाबद्दल तेही न सांगता त्यांच्या गळ्यात घातलाय. आज रात्री ग्रुपवर चार ओळी टाका. फोटोत पिशवी शोधायला सगळ्याजणी बसतील. बायकांच्या शिवणमंडळाला काहीतरी शोधायला द्या आणि मजा बघा.

आता तुमच्या बहिणीचं वाक्य. 'जीव असता तर मांडीवर ठेवली असतीस.' बहिणींना असली वाक्यं कुठून सुचतात कोण जाणे! मी स्वतः शालूची पिशवी एसटीच्या फळीवर ठेवून स्वारगेटला उतरले आहे, आणि उतरताना हातात शेंगांची पुडी मात्र घट्ट धरलेली होती. शेंगांवर माझा शालूपेक्षा जास्त जीव होता, असं कुणी म्हणेल का? (शालू मिळाला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) सकाळी निघताना तुमच्या हातात एक पिशवी होती, संध्याकाळी दोन नव्या आणि वर एक खोका. उतरताना हात भरलेले होते आणि भरलेल्या हातांना वाटतं, सगळं घेतलं. फळी डोळ्यांच्या वर असते, तिकडे नजर जात नाही. त्यातून वाकोशीची अदलाबदल दोन-तीन मिनिटांची, आणि सोबत पाचजणी बोलतायत. हे हातांचं आणि डोळ्यांचं गणित आहे, मायेचं माप त्यात कुठे बसवता? तुम्ही स्वतःला विसराळू, बेजबाबदार अशी चार विशेषणं लावलीत, पण सहा वर्षांत हरवलेली दुसरी वस्तू मात्र पत्रात सांगता आलेली नाही.

तुमच्यासारख्या बाकीच्या शिवणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठीही, दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते. बाजारात कापड जुळवायला अख्खी वस्तू नेऊ नका. फोटो आणि काठातून काढलेले दोन धागे पुरतात. न्यायचीच असेल तर पिशवीत नको, ओढणीसारखी बांधा किंवा पाठपिशवीच्या तळाशी घाला. आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात कापडाची छोटी पट्टी शिवा. तिच्यावर नाव, फोन नंबर, कुणी शिवली, कुठल्या साली. परदेशातल्या किल्टवाल्या बायका हे न चुकता करतात आणि आपण करत नाही. आपल्याला वाटतं, घरातलीच तर वस्तू, तिला पत्ता कशाला? देश कुठलाही असो, पहिल्या दिवशी विचारा. लंडनच्या ट्यूबमध्ये आणि बसमध्ये सापडलेल्या वस्तूही तीन महिनेच ठेवतात. इकडे रेल्वेत काही राहिलं तर १३९ला फोन करा. गाडी क्रमांक, डबा आणि सीट सांगितलं तर पुढच्या स्टेशनावर रेल्वे पोलीस बघतात. लोक फोनच करत नाहीत, ही खरी अडचण.

मुलीचं मी फार ताणत नाही. 'धुवायला दिलीय' हे आजच मागे घ्या. पाच वर्षांच्या पोरीला 'आई गाडीत विसरली, आपण शोधतोय' एवढं कळतं. ती रडेल. पण धुवायला दिलेली गोधडी परत येतेच, म्हणून ती रोज वाट बघणार, आणि रविवारी आजीला तीच सांगून टाकणार. तिच्या तोंडून आईला कळण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

म्हणजे आता आई.

दुसरी शिवून घेऊन गप्प बसायचा बेत मी मनात करून बघितला. कापड मिळेल. इरकल अजून विणलं जातं, जुनंही शोधलं तर सापडतं. पैसे देऊन शिवून देणाऱ्या बायकाही पुण्यात आहेत. पण तुमची आई ती कधीतरी हातात घेणार. तिचा टाका तांदळाएवढा, असं तुम्हीच लिहिलंय. जिने पन्नास वर्षं गोधड्या शिवल्या तिच्या बोटांना दुसऱ्याचा टाका कळणार नाही असं बहिणीला वाटत असेल, तर बहिणीने कधी सुई धरलेली नाही. आणि आई काही बोलणार नाही, हे सगळ्यात वाईट. तिने विचारलं असतं तर तुम्हाला निदान उत्तर देता आलं असतं.

न सांगण्याच्या बाजूनेही बोलता येतं. आईला रक्तदाब आहे, ती एकटी आहे, शोध अजून चालू आहे, मग आजच कशाला? मी एरवी हेच सांगितलं असतं: पंधरा दिवस थांबा, काय होतं ते बघा आणि मग बोला. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती मला पटत नाही. तुम्ही धरून चाललायत की आईसाठी ही गोधडी म्हणजे आजीची आठवण, देव्हाऱ्यात ठेवावी तशी. खरंच तसं आहे का? तिला कधी विचारलंत? आमच्या पिढीच्या बायकांनी गोधड्या जपून ठेवायला शिवल्या नाहीत. पांघरून, धुऊन, पोरांनी ओल्या करून त्या विरायच्या. विरल्या की नव्या गोधडीत आतला थर म्हणून जायच्या. कितीतरी गोधड्यांच्या पोटात आणखी एक गोधडी असते. तुम्ही जिला आजीची गोधडी म्हणता तिच्या पोटात काय आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? मला वाटतं, नाही. पत्रात तुम्ही वरचं इरकल, काठ, दोरा सगळं लिहिलंत. पण त्या फुलाफुलाच्या ठिगळाजवळ येऊन थबकलात: 'ते कशाचं आहे कुणास ठाऊक.'

आईला ठाऊक आहे.

तुम्ही आईकडे गुन्हा कबूल करायला जाणार आहात आणि म्हणून दोन आठवडे पाय उचलत नाहीत. साक्षीदार म्हणून तिच्याकडे जा. त्या वस्तूच्या खुणा पुऱ्या माहीत असलेली पृथ्वीवर ती एकटीच आहे. कुठला कोपरा शेवटी मिटवला, आत धोतर घातलं की जुनी चादर, दोरा मध्येच संपून दुसरा कुठे लावला, शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा घातला होता का. रकान्यात लिहायला हे सगळं लागणार आहे. काउंटरवरच्या माणसाने 'ही तुमचीच कशावरून?' असं विचारलं तर उत्तर तिच्याकडे आहे. ती हळहळेल, कदाचित एखादं वाक्य बहिणीपेक्षा टोचणारं बोलेल. बोलू दे. पण तिच्या हाताला काम मिळेल. नुसती बातमी ऐकवून फोन ठेवलात तर ते मिळणार नाही.

गोधडी मिळाली नाही तर पुढे काय करायचं, हे मी आज मुद्दाम लिहीत नाही. तीन महिन्यांतले बहुतेक दिवस अजून हातात आहेत. तेव्हा पुन्हा पत्र लिहा.

रविवारच्या व्हिडिओ कॉलची वाट बघू नका, त्यात मुलगी मध्ये येईल. साधा फोन करा. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे गावाकडे संध्याकाळचे साडेपाच, दिवाबत्तीच्या आधी आई मोकळी असेल. कागद-पेन घेऊन बसा. 'आई, तुझी गोधडी माझ्याकडून गाडीत राहिली, मी शोधतेय' एवढं एका दमात बोलून टाका, आणि तिने काही म्हणायच्या आत विचारा: ते फुलाफुलाचं ठिगळ कशाचं गं?